अकरा दिवस

आई, तू गेलीस त्याला वीस वर्षं झाली आणि मी तुला आज पहिल्यांदाच लिहिते आहे. सकाळी साडेसातला मुलीला घेऊन लॅबमध्ये गेले, तिचं रक्त दिलं. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मोबाईलवर येईल म्हणाले. ती तिथूनच कॉलेजला गेली, हे कंपनीत गेले. मी शाळेत रजा टाकली आणि घरी येऊन बसले. भांडी झाली, कपाट आवरून झालं, डाळी निवडून झाल्या. मोबाईल उलटा करून फ्रिजवर ठेवला तरी दर पाच मिनिटांनी पाय तिकडंच वळतात. शेवटी शाळेची एक कोरी वही काढली आणि तुझ्याशी बोलायला बसले. तू असतीस तर मला पुढ्यात बसवून म्हणाली असतीस, "आकडा आल्याव बघू. तवर च्या पी." चहा दोनदा झालाय, आई. दोन्ही वेळा कपात तसाच राहिला.

तुला माहीत नाही त्या गोष्टी आधी सांगते. मला एकच मुलगी. तू गेल्यावर तीन वर्षांनी झाली. आम्ही नगरला सावेडीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी अजून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, स्कूटीवर जाते-येते. मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीचं वर्ष नुकतंच सुरू झालंय. कपाळ तुझं घेऊन आली आहे, आणि बोलणंही तुझ्यासारखंच, थोडकं आणि नेमकं. एकोणीस महिन्यांपूर्वी, म्हणजे ती दहावीत असताना, तिच्या अंडाशयाला कॅन्सर निघाला. क्वचितच होणारा प्रकार आहे. ऑपरेशन झालं, औषधाचे तीन कोर्स झाले. पहिलं वर्षभर दर महिन्याला रक्त तपासलं, आता दर दोन महिन्यांनी तपासतो. प्रत्येक वेळी तीन आकडे येतात. गेल्या खेपेला त्यातले दोन नेहमीसारखे होते आणि तिसरा वाढलेला होता, फार नाही, थोडासा. पुण्याच्या डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "रक्त काढताना पेशी फुटल्या तरी हा आकडा वाढतो. घाबरू नका, पंधरा दिवसांनी पुन्हा करा." घाबरू नका म्हणाल्या आणि पुन्हा करा म्हणाल्या, आणि मी पंधरा दिवस या दोन वाक्यांच्या मध्ये अडकून पडले आहे. आज सोळावा दिवस.

या पंधरा दिवसांत मला तू नर्स होतीस ते जामखेडकडचं उपकेंद्र सारखं दिसतंय. पुढं तपासायची खोली, तिच्यात हिरवं रेक्झिन फाटलेलं टेबल, आणि मागं आपलं स्वयंपाकघर. एका स्टोव्हवर तू सुया उकळायला ठेवायचीस आणि दुसऱ्यावर आपली भाकरी. मी बारा वर्षांची. उन्हाळ्यात हापशाला पाणी अर्ध्या तासानं यायचं, तरी तुझी साडी पांढरीशुभ्र असायची. ज्या घरांमध्ये तुझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या घरांतून बाळंतपणाचं बोलावणं मात्र तुलाच यायचं. तू पिशवी उचलून निघायचीस. परत आलीस की कोपरापर्यंत साबण लावत एवढंच सांगायचीस, "पोरगी झाली. दोघी ठीक हायेत." आपल्याला त्यांनी कुठं बसवलं, चहा कशात दिला, हे तू कधी सांगितलं नाहीस. मी विचारायची तर म्हणायचीस, "मी च्या प्यायला गेल्ते का?"

त्याच वर्षी ती मुलगी आली. सोळा-सतरा वर्षांची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. तिची आई तिला पदराआड झाकून घेऊन आली होती, भर दुपारी, रस्त्यावर माणूस नसताना. तरी हापशावरच्या बायकांनी पाहिलंच. मी तिथं घागर घेऊन उभी होते. त्या काय बोलल्या ते ऐकलं आणि पळत स्वयंपाकघरात आले. तू सुयांचं पाणी गाळत होतीस. मी म्हणाले, "आये, तिला दिवस गेलेत. समदे म्हनत्यात." तू पातेलं खाली ठेवलंस. मला वाटलं, मारशील. तू मारलं नाहीस. माझा हात धरलास आणि विचारलंस, "तू तिच्या पोटाला हात लावून पाह्यलास?" मी म्हणाले, "न्हाई." "मग तोंड उघडू नगं. पोट हातानं तपासत्यात, तोंडानं न्हाई." त्या रात्री तू मला जेवायला वाढलंस पण माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं तू स्वतः त्या मायलेकींना घेऊन नगरच्या दवाखान्यात गेलीस. तिसऱ्या दिवशी परत आलीस, पिशवी खुंटीला अडकवलीस आणि भिंतीला टेकून बसलीस. "गाठ हाय," म्हणालीस. "केवढी मोठी झाली. उशीर झाला."

संक्रांतीच्या आत ती मुलगी गेली. तू त्यांच्या घरी गेलीस तेव्हा मी तुझ्या मागं होते. तिची आई तुझ्या पायाशी बसून सांगत होती, "बाई, लोकांच्या भ्यानं चार महिनं घरात दडवली तिला. मलाबी तसंच वाटलं हो." तू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. परतताना हापशावर थांबलीस आणि तिथं जमलेल्या बायकांना सांगितलंस, आवाज न चढवता, "तिच्या पोटात पोर नव्हतं. गाठ हुती. जिला जिला काय बोलली ते आठवतंय, तिनं घरी जाऊन आठवावं." मला तेव्हा तुझा एवढा अभिमान वाटला की मी ती गोष्ट पुढं सगळ्यांना सांगत आले. डी.एड.ला मैत्रिणींना सांगितली, शाळेत सहकाऱ्यांना सांगितली. माझ्या मुलीलाही सांगितली होती, ती सातवी-आठवीत असताना. म्हणजे तिला ती माहीत होती. हे लक्षात ठेव, आई, कारण पुढचं सांगताना मला लाज वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत तिची जीन्स लागेना. मी म्हणाले, फराळ कमी कर. ती म्हणाली, "आई, मी काही खातच नाही. पोट भरल्यासारखं वाटतं." हातपाय बारीक झाले होते, चेहरा उतरला होता, ते मी अभ्यासावर ढकललं. मग एक दिवस ती न्हाऊन बाहेर आली, गाऊन ओला होऊन अंगाला चिकटलेला, आणि मला तिचं पोट दिसलं. बेंबीच्या खालून वर आलेलं. मी पाळीचं विचारलं. म्हणाली, "दोन महिने आली नाही." "मग सांगितलं का नाहीस?" "तूच म्हणतेस ना, या वयात पुढंमागं होतं." दुपारी मी पार स्टेशनकडच्या एका मेडिकलमध्ये गेले, जिथं मला कुणी ओळखत नाही, तोंडाला स्कार्फ बांधून, आणि तपासायची पट्टी आणली. दोन रेघा आल्या. दुसरी पट्टी आणली होती, तिच्यावरही दोन रेघा.

ती बाथरूमच्या दारात उभी होती. "आई, मी काही केलेलं नाही," म्हणाली. मी विचारलं, "कोण आहे?" "कुणी नाही." "खोटं बोलू नकोस. पट्टी खोटं बोलत नाही." मग मी तिच्या थोबाडीत मारली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. ती रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली, आणि म्हणाली, "तू मला आजीची गोष्ट सांगितली होतीस." मी तिला म्हणाले, आजीचं नाव घेऊ नकोस.

अकरा दिवस, आई. तिचा मोबाईल काढून घेतला, सगळे मेसेज वाचले, काहीच निघालं नाही, तर वाटलं, पुसून टाकले असतील. क्लास बंद केला. ह्यांना सांगितलं की तिला कावीळ झाल्यासारखं वाटतंय, घरीच राहू दे. हे पहिल्या पाळीला जायचे आणि घरी आले की थकून झोपायचे, त्यांना तेवढं पुरलं. मी शाळेत मुलांना पाढे शिकवायची आणि डोक्यात एकच चालायचं, आता लोक काय म्हणतील. नर्सबाईची नात. मास्तरणीची पोर. आपल्याकडं बोट दाखवायला कुणाला फार वेळ लागत नाही, हे तुझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक. तू सगळा जन्म पांढरी साडी सांभाळलीस, आणि ती माझ्या घरात मळली असं मला वाटत होतं. हे लिहिताना कळतं की त्या अकरा दिवसांत मी एकदाही तिच्या पोटाला हात लावला नाही. लावला असता तर कदाचित मलाही कळलं असतं. गर्भाचं पोट कसं लागतं आणि गाठीचं कसं, ते तू मला टेबलाजवळ उभं करून दाखवलं होतंस. पाचव्या-सहाव्या दिवशी ती रात्री पोट धरून कुशीवर वळून झोपलेली होती. मी दारातून पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

बाराव्या दिवशी मी तिला दुसऱ्या तालुक्याच्या गावी एका लेडी डॉक्टरकडं घेऊन गेले. कशासाठी नेलं ते तुझ्यापासून काय लपवू. मला कुणाला न कळता तिला मोकळं करून आणायचं होतं. डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी वय विचारलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "पंधरा वर्षांची मुलगी आहे. तुम्ही म्हणता तसं असेल तर मला पोलिसांना कळवावं लागेल, कायदा आहे. पण आधी मला बघू द्या." मुलीला त्यांनी टेबलावर घेतलं. पोटावर हात ठेवला, दाबलं, पुन्हा ठेवला. मग सोनोग्राफीचं यंत्र ओढलं आणि बराच वेळ पोटावर फिरवत राहिल्या. मी मुलीच्या डोक्याशी उभी होते, ती छताकडं बघत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "गर्भ नाहीये. पिशवी रिकामी आहे. डाव्या अंडाशयाला गाठ आहे, नारळाएवढी. आतमध्ये पाणीही दिसतंय." मी म्हणाले, "पण पट्टीवर दोन रेघा आल्या." त्या म्हणाल्या, "काही गाठी गरोदरपणात येतं तेच द्रव्य रक्तात सोडतात. पट्टीला फरक कळत नाही. माणसानं ओळखायचं असतं." त्यांना माझं काही माहीत नव्हतं, त्या सहज बोलल्या. आणि आई, गाठ हा शब्द ऐकल्यावर मला पहिल्यांदा हायसं वाटलं. पोलीस नाहीत, लोक नाहीत, गाठ आहे. तेवढा एक श्वास मी मोकळा घेतला. मग मुलीनं मान वळवून विचारलं, "डॉक्टर, मी मरणार का?"

त्यानंतर सगळं भराभर झालं. ह्यांना सांगितलं, दोन दिवसांत पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टर माझ्याहून लहान होत्या, पण बोलणं सावकाश. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बायकांना उतारवयात अंडाशयाचा कॅन्सर होतो तो वेगळा, हा वेगळा. ज्या पेशींपासून स्त्रीबीज तयार होतं त्या पेशींचा हा कॅन्सर, आणि तो बहुतेक वेळा अशा कोवळ्या मुलींनाच होतो. वाढतो झपाट्यानं. पण औषधालाही तसाच झपाट्यानं दबतो. "म्हणून आम्ही एकच बाजू काढतो," त्या म्हणाल्या, "दुसरं अंडाशय आणि गर्भाशय ठेवतो. पुढं हिचा संसार व्हायचाय." मुलगी मध्येच म्हणाली, "माझ्यासारख्या मुली बऱ्या होतात का, ते सांगा. खरं सांगा." ह्यांनी तिचा हात दाबला, गप्प बस म्हणून. डॉक्टर मात्र तिच्याकडं वळून बसल्या. "बहुतेक होतात," म्हणाल्या. "सगळ्या होत नाहीत. ज्या लवकर येतात आणि औषध पुरं घेतात, त्यांचं चांगलं होतं. परत आला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून ती दोन वर्षं तुला माझ्याकडं सारखं यावं लागेल." मुलगी म्हणाली, "ठीक आहे." मी मात्र 'लवकर' या शब्दापाशीच थांबले होते.

ऑपरेशन झालं. बाहेर येऊन डॉक्टरांनी सांगितलं की गाठ पूर्ण निघाली, इतर कुठं काही दिसलं नाही, फक्त गाठीचं आवरण एका ठिकाणी आधीच फुटलेलं होतं, म्हणून औषध द्यावंच लागेल. हे म्हणाले, "पण निघाली ना?" आणि तिथंच बाकावर बसून रडले. मी रडले नाही. मी हिशोब करत होते. आवरण कधी फुटलं असेल. ती पोट धरून कुशीवर झोपली होती त्या रात्री का? पाचव्या दिवशी का सहाव्या? दोन दिवसांनी मी डॉक्टरांना एकांतात गाठून विचारलं, "अकरा दिवस आधी आणली असती तर?" त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "कधी फुटलं ते कुणीच सांगू शकत नाही," म्हणाल्या. "अकरा दिवस आधीही फुटलेलं असू शकेल. तुम्ही कशाला अकरा दिवस म्हणताय?" मी म्हणाले, "असंच." त्या फाईल मिटून पुढच्या पेशंटकडं गेल्या.

औषधाचे ते महिने तुला सांगायला हवेत, तुला त्यातलं सगळं कळलं असतं. पाच दिवस सलाईन, मग घरी, मध्ये आठवड्याचं इंजेक्शन, एकवीस दिवसांनी पुन्हा तेच. पहिल्या कोर्सनंतर केस गेले. तिनं ते गळायची वाट पाहिली नाही, बाबांना म्हणाली, मशीन फिरवा. ह्यांनी गॅलरीत स्टुलावर बसवून तिचं डोकं भादरलं, आणि ती आरशात बघून म्हणाली, "कान मोठे आहेत माझे, माहीतच नव्हतं." उलट्या व्हायच्या. कानात शिट्टी वाजते म्हणायची. दवाखान्यातून सांगितलं होतं की ताप आला तर घरचं औषध देऊ नका, ताबडतोब या. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी तू मला तुझा थर्मामीटर दिला होतास, काचेचा, निळ्या डबीतला. सगळे म्हणतात आता डिजिटल घ्या, तोही घेतला, पण मला पाऱ्यावरच भरवसा. दिवसातून चार-पाचदा लावायची. ती तोंडात थर्मामीटर धरून माझ्या तोंडाकडं बघायची, आणि मी आकडा दोनदा वाचल्याशिवाय सांगायची नाही. दुसऱ्या कोर्सनंतर एका दुपारी पारा एकशेएकवर गेला. हे कंपनीत. खालच्या मजल्यावरच्या काकांनी गाडी काढली आणि आम्ही पुण्याला निघालो. सुपा गेलं, शिरूर गेलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर, अंग भट्टीसारखं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली गेल्या होत्या. सात दिवस तिला काचेच्या खोलीत ठेवलं. मी बाहेर बसून राहायची.

त्या सात दिवसांतल्या शेवटच्या दिवशी मला मास्क लावून आत जाऊ दिलं. ती बसली होती, पुढ्यात दहावीचं भूमितीचं पुस्तक. मी पाय चेपायला लागले. ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, "आई, तुझ्या वर्गातली एखादी मुलगी असती, आणि तिचं पोट असं दिसलं असतं, तर तू काय केलं असतंस?" मी म्हणाले, "तिला विचारलं असतं." "आणि तिनं नाही म्हटलं असतं तर?" मी उजवा पाय चेपत राहिले. ती म्हणाली, "तू तिला डॉक्टरकडं नेलं असतंस. त्याच दिवशी." तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं पान उलटलं. मी म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "माहितीये," आणि थोड्या वेळानं, "डावा पाय राहिला." मी डावा पाय चेपला. त्याच्यापुढं आम्ही दोघी त्या विषयावर कधी बोललो नाही. दहावीची परीक्षा तिनं जुलैत दिली, डोक्यावर बोटभर केस आले होते तेव्हा. पाळी पुन्हा सुरू झाली त्या दिवशी ती मला उठवायला आली आणि आम्ही दोघींनी सकाळी सहाला शिरा केला.

आता चार वाजले आहेत. मधे दोनदा उठून मोबाईल पाहिला. एकदा बँकेचा मेसेज होता. तुला खरं सांगू, दर वेळी असंच होतं. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत मी तिच्या अंगावरून नजर फिरवत असते, पोट वर आलंय का, खाल्लं का, खोकली का. ती कंटाळते. मागच्या आठवड्यात मी तिला ओढणी नीट करायच्या निमित्तानं पोटावर हात लावला. ती म्हणाली, "आई, दाबून बघ नीट. लपूनछपून काय?" मग पलंगावर आडवी झाली, आणि मी तू शिकवलं होतंस तसा, बोटं जुळवून, सावकाश, चारी बाजूंनी हात फिरवला. मऊ होतं पोट. टाक्यांच्या रेषेवर थोडं घट्ट, तेवढंच. ती हसायला लागली, गुदगुल्या होतात म्हणून. त्या रात्री मला झोप लागली. पण हाताला लागतं ते आणि रक्तात येतं ते वेगळं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच सुरू झालं.

हे पुढचं रात्री लिहिते आहे. रिपोर्ट सहा वाजता आला. तिन्ही आकडे ठीक आहेत. गेल्या वेळी वाढलेला आकडा पुन्हा पहिल्या जागी येऊन बसलाय. मी तो चार वेळा वाचला, मग पुण्याला पाठवला, आणि डॉक्टरांचं उत्तर आलं, "छान. आता दोन महिन्यांनी." मुलगी क्लासवरून आली तेव्हा मी दारातच सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि सँडल काढून हात धुवायला गेली. पण हात धुताना ती गाणं गुणगुणत होती, आणि गेले पंधरा दिवस ती गुणगुणली नव्हती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या त्या दोन वर्षांतले थोडे महिने अजून राहिलेत. ते गेल्यावरही तपासण्या सुटत नाहीत, फक्त लांब लांब होतात. मला वाटतं माझी भीतीही तशीच होईल, लांब लांब, पण सुटायची नाही.

संध्याकाळी जामखेडहून ह्यांची थोरली बहीण आली होती. तिला आम्ही आक्का म्हणतो. येताना तिनं ज्वारीचं पीठ आणि शेंगा आणल्या. रिपोर्टचं ऐकून तिनं मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. जेवताना म्हणाली, "आमच्या गावात बी एक झाली अशीच. लई उशिरा नेली. पोरगी गेली." हे म्हणाले, "म्हणून तर सांगतो आक्का, हिच्यामुळं वाचली आपली. आम्ही कावीळ समजत होतो, पण पोट दुखतंय म्हणाली न म्हणाली तर हिनं दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला. पोरीनंच सांगितलंय मला. नर्सबाईची लेक आहे शेवटी." आक्का म्हणाली, "व्हय, आईचं वळण असतंयच."

पोरीनंच सांगितलंय. मला हे आजवर माहीत नव्हतं. बापानं कधीतरी तिला विचारलं असेल, आणि तिनं अकरा दिवस गाळून टाकले, मला न सांगता. मी तिच्याकडं पाहिलं. ती ताटात बघून भाकरी मोडत होती. आक्का माझ्याकडं कौतुकानं बघत होती, हे बघत होते. बोलायला जागा होती, आई. एवढंच म्हणायचं होतं की तसं झालं नाही.

मी मान डोलावली, आणि आक्काला आमटी वाढली.